रिकेट्स ग्लेन: बावीस धबधब्यांच्या घळीत दोन रात्रींचा मुक्काम

हरिश्चंद्रगड किंवा राजमाची केलेल्या माणसाच्या मनात ट्रेकची तयारी म्हणजे सॅक भरणं आणि शेवटची एसटी गाठणं. बाकीचं पायथ्याचं गाव सांभाळून घेतं. कुणाच्या तरी ओसरीवर पाठ टेकता येते, पिठलं-भाकरी सांगून ठेवता येते, वाट चुकली तर गुरांमागचं एखादं पोर हाक मारून योग्य वाटेला लावतं. अमेरिकेतल्या स्टेट पार्कला निघताना पहिली गोष्ट मनात पक्की करायची ती ही, की पायथ्याला गाव नसतं. झोपायची जागा, जेवण, पिण्याचं पाणी, वाटेची माहिती, पाय मुरगळला तर करायचा उपाय, सगळं घरून निघण्याआधी ठरलेलं हवं. हे एकदा जमलं की अशा सहलीइतकं सुख दुसऱ्या कशात नाही, आणि खर्चही हॉटेलातल्या शनिवार-रविवारच्या मानाने फारच कमी येतो.

उदाहरणासाठी मी पेनसिल्व्हेनिया राज्यातलं रिकेट्स ग्लेन स्टेट पार्क घेतलं आहे. न्यू जर्सीच्या एडिसन भागातून गाडीने अडीच-तीन तास, फिलाडेल्फियाहूनही साधारण तेवढेच. आपली किती मराठी कुटुंबं या पट्ट्यात राहतात, पण 'पोकोनोला जाऊन आलो' याच्या पुढे फारशी जात नाहीत. स्टेट पार्क म्हणजे राज्य सरकारने राखलेलं उद्यान. पेनसिल्व्हेनियात अशी शंभराहून जास्त उद्यानं आहेत आणि त्यांत शिरायला प्रवेशशुल्क नाही. पैसे पडतात ते मुक्कामाचे.

आधी जागा समजून घ्या

उद्यान १३,१९३ एकरांचं आहे, लुझर्न, सलिव्हन आणि कोलंबिया या तीन काउंट्यांत पसरलेलं. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला त्याची रचना चटकन कळेल. वर अ‍ॅलेगेनी पठार, म्हणजे आपला घाटमाथा. त्याच्या कडेवरून किचन क्रीक नावाचा ओढा खाली दरीकडे झेपावतो आणि जेमतेम सव्वादोन मैलांत सुमारे १,००० फूट उतरतो. उतरताना त्याने खडक कापत दोन घळी केल्या आहेत, गनोगा ग्लेन आणि ग्लेन ली. 'ग्लेन' म्हणजे अरुंद दरी. दोन्ही घळींतलं पाणी जिथे मिळतं त्या संगमाला वॉटर्स मीट म्हणतात, आणि तिथून खालच्या घळीचं नाव रिकेट्स ग्लेन.

नाव असलेले धबधबे २२. गनोगा ग्लेनमध्ये १०, ग्लेन लीमध्ये ८, संगमाखाली ३ आणि अगदी तळाला, ११८ क्रमांकाच्या रस्त्याजवळ, अ‍ॅडम्स फॉल्स. सर्वांत उंच गनोगा फॉल्स, ९४ फूट. ही विभागणी लक्षात ठेवा, पुढे वाट निवडताना कामाला येईल.

रिकेट्स हे माणसाचं नाव. कर्नल रॉबर्ट ब्रूस रिकेट्स हे अमेरिकन यादवी युद्धात १८६३ साली गेटिसबर्गच्या लढाईत तोफखान्याचे अधिकारी होते. युद्धानंतर त्यांनी इथे प्रचंड जंगल विकत घेतलं. त्यांचा लाकडाचा धंदा होता आणि या भागातलं बरंचसं जंगल त्या काळात तोडलं गेलं. मात्र या घळींना त्यांनी कुऱ्हाड लागू दिली नाही. उलट १८८९ ते १८९३ अशी चार वर्षं सहा माणसं लावून धबधब्यांच्या कडेकडेने पायवाट खोदून घेतली. आज आपण ज्या दगडी पायऱ्यांवरून चालतो ती वाट मुळात त्यांची. १९३०च्या दशकात इथे राष्ट्रीय उद्यान करायचं घाटत होतं, पण मंदी आणि महायुद्धात ते बारगळलं. १९४२ साली राज्याने घळी विकत घेतल्या. बऱ्याच धबधब्यांना इथल्या मूळ रहिवासी जमातींची नावं आहेत, मोहॉक, ओनायडा, सेनेका, डेलावेअर, ह्यूरॉन. मुलांना घेऊन जाणार असाल तर ही नावं आधी सांगून ठेवा. चालताना नावं ओळखायचा खेळ होतो आणि 'अजून किती राहिलंय' हा प्रश्न बराच वेळ येत नाही.

केव्हा जायचं

माझी पसंती मेअखेर ते जूनचा मध्य. बर्फ वितळून आणि वसंतातल्या पावसाने ओढा भरलेला असतो, झाडं नुकती हिरवी झालेली असतात, दिवस मोठा असतो. ऑगस्टमध्ये पाणी बरंच कमी होतं. धबधबे पाहायलाच निघाला असाल तर तेव्हा थोडी निराशा होईल, मात्र लेक जीनच्या तळ्यात डुंबायला तोच महिना चांगला. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पानं रंगतात. दृश्य अवर्णनीय असतं आणि गर्दीही तशीच. शिवाय ओल्या पायऱ्यांवर गळलेल्या पानांचा थर बसतो, तो शेवाळापेक्षा जास्त फसवा.

हिवाळ्यात धबधबे गोठतात. त्या वेळी या वाटेवर बर्फकुऱ्हाड, पूर्ण क्रॅम्पॉन (बुटांखाली लावायचे लोखंडी काटे) आणि दोर असलेल्यांनाच जाता येतं. ती वेगळी विद्या आहे. या लेखाच्या भरवशावर थंडीत तिथे जाऊ नका.

आरक्षण: अकरा महिने आधीपासून

पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट पार्कांतल्या मुक्कामाच्या जागा ११ महिने आधीपासून आरक्षित करता येतात, राज्याच्या संकेतस्थळावरून किंवा फोनवरून. रिकेट्स ग्लेनमध्ये टेंट आणि ट्रेलरसाठी मिळून १२० जागा आहेत. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण मेमोरियल डे, चार जुलै, लेबर डे आणि ऑक्टोबरचे शनिवार-रविवार भराभर संपतात. तारीख ठरली की त्याच दिवशी जागा घ्या. राज्याबाहेरच्या रहिवाशांना दर थोडा जास्त असतो, म्हणजे न्यू जर्सीकरांनी तो धरूनच हिशेब करावा.

आपल्या लोकांच्या हमखास लक्षात न येणारा नियम असा, की एका जागेवर एक कुटुंब, किंवा एका कुटुंबातले नसतील तर पाच जण. चार कुटुंबं मिळून जायचं तर चार जागा लागतात, आणि त्या शेजारीशेजारी हव्या असतील तर सगळ्यांनी एकाच वेळी संगणकासमोर बसून आरक्षण करावं लागतं. 'एक जागा घेऊ आणि सगळे तिथेच झोपू' हे चालत नाही. दहा-पंधरा जणांच्या गटांसाठी सामूहिक टेंटची वेगळी जागा असते, तिची चौकशी करा.

नकाशावर जागा निवडताना तीन गोष्टी पाहा. स्वच्छतागृह फार लांब नको, लहान मुलं किंवा आईबाबा असतील तर हे सर्वांत महत्त्वाचं. अगदी लागूनही नको, रात्रभर दारांचे आवाज आणि दिव्यांचा उजेड येतो. आणि जागेच्या फोटोत जमिनीचा उतार बघा. सपाट आणि किंचित उंच जागा मिळाली तर पावसाची चिंता निम्मी होते. इथे शॉवर आणि फ्लशची स्वच्छतागृहं आहेत, त्यामुळे पहिल्यांदा कॅम्पिंग करणाऱ्यांना फारसं बिचकायला होत नाही. टेंटमध्ये झोपणं आईबाबांना झेपणार नसेल तर उद्यानात केबिन आणि लहान कॉटेजही आहेत. त्यांची संख्या मोजकी, म्हणून तीही लवकर घ्या.

सामान

दुकानात गेलात तर शंभर वस्तू घ्याव्याशा वाटतील. पहिल्या सहलीला टेंट आणि स्लीपिंग बॅग मित्रांकडून मागून न्या. मुक्काम आवडला की मगच विकत घ्या.

टेंटवर 'चार माणसांचा' लिहिलेलं असेल तर त्यात दोन मोठी आणि एक लहान माणूस ऐसपैस झोपतं, असं समजा. टेंट घरी एकदा अंगणात किंवा दिवाणखान्यात उभा करून पाहा. हे मी आग्रहाने सांगतोय, कारण आमच्या पहिल्या सहलीत एक दांडी घरीच राहिली होती आणि ते कळलं तेव्हा अंधार पडलेला होता. रात्र गाडीत काढली, मुलगी रडून झोपली.

पाठीखाली मॅट हवीच. थंडी वरून लागते त्याहून जास्त जमिनीतून लागते. पठारावर जूनच्या पहाटेसुद्धा स्वेटर लागेल इतकं गार होतं. स्लीपिंग बॅग घेताना दिवसाचं तापमान न बघता रात्रीचं बघा. प्रत्येकासाठी डोक्याला लावायची बॅटरी घ्या, मोबाइलचा उजेड हातात धरून ना भांडं घासता येत ना टेंटची चेन लावता येत.

बूट हा सगळ्यांत गंभीर विषय. धबधब्याची वाट सदैव ओली असते. तळ झिजलेले जॉगिंगचे बूट किंवा सँडल घालून आलेली माणसं मी दर खेपेला पाहतो, आणि दर खेपेला त्यांतलं कुणीतरी बसकण मारतं. चांगल्या खाचांचे, घोट्याला धरणारे बूट हवेत. नवे असतील तर महिनाभर आधीपासून घालून चाला. काठ्या दोन न्या. गुडघे पन्नाशीच्या पुढचे असतील तर विचारही न करता न्या.

सरपण मात्र घरून नेऊ नका. न्यू जर्सीच्या परसातली लाकडं डिकीत टाकून नेणं म्हणजे किडे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात नेणं. एमराल्ड अ‍ॅश बोरर या किड्याने या भागातली अ‍ॅशची झाडं अशीच संपवत आणली. स्पॉटेड लँटर्नफ्लाय ही कीड अमेरिकेत पहिल्यांदा सापडली ती पेनसिल्व्हेनियातच, २०१४ साली. तिची अंडी लाकडावर, गाडीवर, कशावरही चिकटून जातात. घळीतल्या हेमलॉकवर तर आधीच एका बारीक किड्याचं संकट आहे. (हा हेमलॉक म्हणजे सूचिपर्णी वृक्ष, सॉक्रेटिसच्या विषाशी त्याचा संबंध नाही.) लाकूड उद्यानाजवळच विकत घ्या आणि उरलं तर तिथेच सोडा.

जेवण

हॉटडॉग आणि मार्शमेलो हीच कॅम्पिंगची खाद्यसंस्कृती, असं मानून घेण्याचं कारण नाही. आपल्या स्वयंपाकघरात प्रवासाचं खाणं पिढ्यान्‌पिढ्या घडत आलं आहे आणि ते इथे चपखल बसतं.

शुक्रवारी रात्री पोचल्यावर कुणाच्याही अंगात स्वयंपाकाचं त्राण नसतं. दुधात भिजवलेल्या दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं घरूनच न्या. शनिवारच्या सकाळसाठी रवा घरी भाजून त्यात फोडणी, सुकी मिरची आणि मीठ घालून डब्यात भरा. तिथे फक्त पाणी उकळायचं आणि उपमा तयार. वाटेवर खायला गुळपापडी, खजूर, चार थालीपिठं. रात्री मुगाच्या डाळीची खिचडी, वरून तूप, सोबत भाजलेले पापड. डाळ-तांदूळ घरीच मोजून, हळद-हिंग-मीठ घालून पिशवीत बांधून ठेवा. लहान कुकर आणि दोन शेगड्यांचा गॅस असला की दहा माणसांचं जेवण चाळीस मिनिटांत होतं. दिवसभर ओल्या दगडांवर चाललेल्या माणसाला त्या खिचडीची चव कशी लागते ते लिहून सांगता येणार नाही. रविवारी पोहे.

मद्य पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट पार्कांत चालत नाही. टेंटच्या आडही नाही.

पिण्याचं पाणी मुक्कामाच्या आवारात मिळतं. धबधब्याच्या वाटेवर मात्र नळ नाही, आणि ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी न गाळता-उकळता प्यायचं नाही. माणशी दोन लिटर सोबत न्या.

गोचीड आणि अस्वल

सगळे अस्वलाबद्दल विचारतात, गोचिडीबद्दल कुणी विचारत नाही. खरा धोका गोचिडीचा आहे. लाइम या आजाराचे सर्वाधिक रुग्ण नोंदले जाणाऱ्या राज्यांत पेनसिल्व्हेनिया येतं. तो पसरवणारी काळ्या पायांची गोचीड पिल्लावस्थेत खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि जून-जुलैत ती भरपूर असते.

उपाय सोपे आहेत, पण ते सगळे करायचे. फिकट रंगाची पूर्ण विजार घाला आणि मोज्यात खोचा. बूट, मोजे, विजार यांवर घरीच परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवा. ते कपड्यांसाठी असतं, कातडीवर लावायचं नाही, आणि ओलं असताना मांजरांना विषारी असतं. उघड्या अंगाला डीईईटी (कीटकांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम किंवा फवारा. रोज संध्याकाळी एकमेकांचं अंग तपासा: काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत. लहान मुलांची मान विसरू नका. गोचीड चिकटलेली सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, तूप, काडी लावत बसू नका. साधारणपणे २४ तासांहून जास्त वेळ चिकटून राहिली तरच तिच्याकडून संसर्ग होतो, म्हणून रोजची तपासणी इतकी मोलाची. पुढच्या महिनाभरात ताप आला किंवा चाव्याभोवती पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना चावा कधीचा ते सांगा. भारतातून आलेले आईबाबा महिन्याच्या आत परत जाणार असतील तर त्यांना हे लिहून द्या, कारण तिकडच्या डॉक्टरांच्या मनात हा आजार सहसा येत नाही.

इथलं अस्वल काळं अस्वल. ते माणसाला टाळतं, पण वासाला हलतं. लोणचं, तूप, बिस्किटं, टूथपेस्ट, साबण, वास येणारं काहीही टेंटमध्ये ठेवू नका. रात्री सगळं गाडीत, काचा बंद. जेवण उरकलं की भांडी लगेच धुवा. खरकटं झुडपात फेकू नका. रॅकून तर कूलरचं झाकणसुद्धा उघडतात. अस्वल समोर आलंच तर पळू नका. हात उंच करा, खणखणीत आवाजात बोला आणि त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे या.

शुक्रवार: उजेडात पोचा

दुपारी निघा. अंधारात टेंट उभारणं ही सहलीची सगळ्यांत वाईट सुरुवात. दक्षिणेकडून आलात तर रेड रॉकपासून लेक जीनकडे चढणारा ४८७ क्रमांकाचा रस्ता फार खडा आहे. साध्या गाडीला अडचण नाही, पण मागे जड ट्रेलर असेल तर डुशोरच्या बाजूने वळसा घालून यावं, असं उद्यानच सांगतं.

फोनची रेंज धरून चालू नका. नकाशा आधीच उतरवून घ्या, कागदावरचा उद्यानाच्या कार्यालयातून घ्या. घरच्या किंवा मित्रांपैकी एकाला 'आम्ही अमुक वाटेने जाणार, तमुक वेळेपर्यंत फोन करू' असं सांगून ठेवा. वाटेचा कुठला भाग दुरुस्तीसाठी बंद आहे का हेही निघण्याच्या आदल्या दिवशी संकेतस्थळावर पाहा. पुराने पूल आणि पायऱ्या वाहून जाणं इथे नवीन नाही.

टेंटखाली ताडपत्री घाला, पण तिची कड टेंटच्या बाहेर येऊ देऊ नका. बाहेर आलेल्या कडेवर पावसाचं पाणी साचतं आणि आत शिरतं. वर बघा: डोक्यावर वाळकी फांदी असेल तर टेंट सरकवा. वरचं पावसाळी आवरण आकाश निरभ्र असलं तरी लावा. शेकोटी फक्त लोखंडी कड्यात. वसंतात वणव्याच्या भीतीने कधीकधी शेकोटीवर बंदी असते, म्हणून स्वयंपाक शेकोटीवर अवलंबून ठेवू नका. झोपण्याआधी निखाऱ्यांवर पाणी ओतून, ढवळून, हात लावता येईल इतकं गार करा. रात्री ९ पासून आवारात शांतता पाळायची असते. अंताक्षरी त्याआधी.

शनिवार: घळीची वाट

हा दिवस फक्त वाटेसाठी ठेवा. दुसरं काहीही ठरवू नका.

पर्याय दोन. संपूर्ण वाट ७.२ मैलांची, म्हणजे साडेअकरा किलोमीटरच्या आसपास. तिच्यात २१ धबधबे येतात. वरचा फेरा ३.२ मैलांचा, सुमारे पाच किलोमीटर. ग्लेन ली, वॉटर्स मीट आणि गनोगा ग्लेन मिळून १८ धबधबे. उद्यान या वाटेला 'अतिअवघड' गटात घालतं. आपल्या भाषेत सांगायचं तर दोरीचे पॅच नाहीत, कातळकडा नाही, दमछाक मध्यम. पण पायऱ्या उंच, ओल्या, ठिकठिकाणी कठडा नसलेल्या, आणि एका बाजूला सरळ पाण्यात जाणारा उतार. सह्याद्रीत पावसाळी ओढ्यातून चढलेल्याला हे जमेल. गाफील राहिलं तर त्यालाही नडेल.

दहा वर्षांच्या आतली मुलं सोबत असतील किंवा हा पहिलाच ट्रेक असेल तर वरचा फेरा घ्या. पूर्ण वाटेत फक्त तीन जास्तीच्या धबधब्यांसाठी चार मैल जास्त चालावं लागतं असं वाटेल, आणि ते खरंही आहे: खालच्या टप्प्यात धबधबे तीनच. त्या भागाचं वैभव जुन्या झाडांत आहे.

सकाळी ८ला लेक रोजच्या वाहनतळावर असा. शनिवारी साडेनऊ-दहानंतर तिथे जागा मिळेलच असं नाही. तिथून निघाल्यावर फाट्यावर बहुतेक लोक सरळ गनोगाच्या घळीत उतरतात. मी आधी हायलँड ट्रेलने आडवा जातो. ही वाट माथ्यावरून दोन्ही घळींना जोडते, लांबी १.२ मैल, बरीचशी सपाट. पाय मोकळे होतात. मध्ये मिडवे क्रेव्हास नावाची खडकांची अरुंद फट लागते, मुलांना ती धबधब्यांइतकीच आवडते. मग ग्लेन लीमधून खाली उतरायचं. ही घळ अरुंद आणि खडी. उतरताना घसरण्याची भीती जास्त, म्हणून ती सकाळी, पाय ताजे असताना उरकावी. ऑननडागापासून वायंडॉटपर्यंत आठ धबधबे एकामागून एक येतात. ओझोन धबधब्याशी थोडं थांबा. पाण्याचे तुषार अंगावर येतात आणि आवाजामुळे बोलणं बंद होतं.

वॉटर्स मीटला संगमावर खाऊन घ्या. इथे ठरवायचं: अंगात जोर आहे का, वेळ दुपारी १२च्या आत आहे का? दोन्ही उत्तरं 'हो' असतील तर खाली हॅरिसन राइट, शेल्डन रेनॉल्ड्स आणि मरे रेनॉल्ड्स हे तीन धबधबे पाहून परत संगमावर या. एक उत्तर 'नाही' असेल तर थेट गनोगा ग्लेनमध्ये चढायला लागा.

गनोगा ग्लेन चढून यायचं कारण एवढंच, की चढताना धबधबा समोर असतो. उतरताना तो पाठीशी राहतो, सारखं वळून बघावं लागतं, आणि ओल्या पायरीवर वळून बघण्याइतकी वाईट सवय नाही. ईरी आणि टस्करोरा हे ४७-४७ फुटांचे दोन पहिल्यांदा येतात. मग कोनेस्टोगा, मोहिकन, डेलावेअर, सेनेका, आणि वळणावर एकदम गनोगा. ९४ फूट हा आकडा आपल्या ठोसेघरपुढे किरकोळ वाटेल. पण इथे तुम्ही त्याच्या पायाशी उभे असता आणि पाणी थराथराच्या खडकावरून हजार पायऱ्यांनी उतरत येत असतं. मी तिथे अर्धा तास बसतो. कितव्यांदा गेलो तरी.

फोटोसाठी वाट सोडून धबधब्याच्या डोक्यावर किंवा ओढ्यातल्या दगडावर जाऊ नका. इथले अपघात बहुतेक असेच होतात, आणि घळीत पडलेल्या माणसाला स्ट्रेचरवरून हातोहात वर न्यावं लागतं. गाडी जाऊच शकत नाही. एखादी पायरी बर्फासारखी गुळगुळीत दिसली तर बसून उतरा, त्यात कमीपणा नाही. मुलं पुढे-मागे मोठ्यांच्या मध्ये असावीत. समोरून येणाऱ्यांना आतल्या, डोंगराकडच्या बाजूला थांबून वाट द्या. कचरा, संत्र्याची सालंसुद्धा, पिशवीत परत आणा.

वरच्या फेऱ्याला मुलांसह, थांबत-खात, चार तास धरा. पूर्ण वाटेला सहा-सात. परतल्यावर लेक जीनच्या २४५ एकरांच्या तळ्यावर उन्हाळ्यात पोहता येतं, पण जीवरक्षक नसतो. मुलांवर एकाने नजर ठेवूनच बसायचं. पोहायचं ते तळ्यात, धबधब्यांच्या डोहात नाही.

रविवार: आईबाबांचा दिवस

शनिवारी आईबाबा तळ्याकाठी बसून राहिले असतील, तर रविवार त्यांचा. आवरून, टेंट उतरवून गाडी ११८ क्रमांकाच्या रस्त्यावरच्या वाहनतळावर न्या. अ‍ॅडम्स फॉल्स तिथून अगदी जवळ आहे. त्याच्याच भोवती एव्हरग्रीन ट्रेल नावाचा मैलभराचा फेरा आहे, कुऱ्हाडीतून वाचलेल्या हेमलॉक आणि पाइनच्या रानातून. इथली काही झाडं ५०० वर्षांच्या आसपासची, म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी रुजलेली. हात काठीवर ठेवून सावकाश चालणाऱ्याला तासाभरात होतो. कुणाला उंचावरून मुलूख पाहायचा असेल तर ग्रँड व्ह्यू ट्रेल १.९ मैलांचा आहे. २,४४९ फुटांवर जातो आणि चढ सौम्य आहे.

निघण्याआधी जागा पाहून घ्या. टेंटचे खिळे मोजून घ्या, गवतात राहून गेलेला खिळा पुढच्याच्या पायात जातो. शेकोटीची राख गार आहे याची पुन्हा खात्री करा. गाडीच्या चाकांवर आणि टपावर लँटर्नफ्लाय किंवा तिची मातकट अंडी दिसली तर खरवडून टाका.

घरी पोचल्यावर कितीही कंटाळा आला तरी दोन कामं त्याच संध्याकाळी करा. सगळ्यांचे कपडे थेट वाळवणी यंत्रात, जास्त उष्णतेवर. गोचीड धुण्याने मरत नाही, कोरड्या उष्णतेने मरते. आणि टेंट गॅरेजमध्ये दोरीवर पसरून घाला. ओला गुंडाळून ठेवला तर बुरशी धरतो, आणि तो मित्राचा आहे.